भाऊबीजेची पकड

वावोशी, ता. खालापूर
१८ ऑगस्ट

चि. सुरभीस,

मामाचे आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोन केला असता, पण आपल्याकडे फोनवर बोलायचं म्हणजे स्पीकर लावूनच. तुझी मामी ऐकते, शेजारचा धाऊ कुंपणापाशी येऊन ऐकतो आणि मग मला काय म्हणायचं होतं ते तेच दोघे तुला सांगतात. त्यात पावसाळ्यात माथेरानला फोन लागेल तर शपथ.

परवा ताईकडे गेलो होतो. भावोजी ओटीवर गप्प बसले होते. मोठा माणूस गप्प बसला की घर लहान वाटायला लागतं. विचारलं तर म्हणाले, हॉटेलात कुणा पाहुण्यानं सुरभीचा हात धरला म्हणे. सामानाची घोडी हाकणारा पोशा आहे ना, त्याच्याकडून ही बातमी डोंगर उतरली, आणि नेरळला पोचेपर्यंत त्या एका पाहुण्याचे तीन झाले. भावोजींनी ठरवलंय की दिवाळीनंतर तू खाली यायचं. कर्जतला एका कापड दुकानात त्यांनी बोलूनही ठेवलंय. "एवढीशी पोर हाय ती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

एवढीशी तू आहेसच. शाळेच्या फोटोत तुला पायाखाली वीट देऊन उभं केलं होतं, हे मीही विसरलेलो नाही. पण मला तुझ्याकडून ऐकायचंय. काय झालं? आणि तुला खाली यायचंय का?

गणपतीला येशील न येशील, म्हणून आत्ताच विचारतो.

तुझा,
बाळाराममामा


माथेरान
२७ ऑगस्ट

ती. बाळाराममामांस शिरसाष्टांग नमस्कार.

शाळेत शिकवलं होतं तसं लिहून झालं. आता नेहमीसारखं तू म्हणते.

मामा, पाहुणा एकच होता. जूनमधली गोष्ट. खोली सोडायची वेळ उलटून गेली होती, त्याला आणखी थांबायचं होतं आणि पुढचं कुटुंब बाकावर ताटकळत बसलं होतं. मी नाही म्हटलं. त्यानं टेबलावरून हात घालून माझं मनगट धरलं. मी ओढलं, सुटेना. जेवढं ओढलं तेवढी त्याची पकड घट्ट. शेवटी मॅनेजर धावत आले. मॅनेजरांनी त्याला बाहेर काढलं, माफीही मागायला लावली. पण मला त्याच्यापेक्षा माझ्या मनगटाचा राग आला.

आमच्या हॉटेलच्या मागच्या बंगल्यात मेहेरबाई राहतात. साठीच्या पुढच्या, उंचीनं माझ्याहून दोन बोटं कमी. तरुणपणी त्या ऐकिडो नावाची एक जपानी विद्या शिकल्या आणि मग आयुष्यभर शिकवत राहिल्या. पावसाळ्यात आमच्या खोल्या रिकाम्या असतात. गाद्या जेवणघरात आणून अंथरल्या आणि त्यांनी मला शिकवायला घेतलं. पहिले कितीतरी दिवस नुसतं पडायला शिकवलं. मी म्हटलं, बाई, पडायला मला येतं. त्या म्हणाल्या, लागतं ना? मग येत नाही.

यात मारायचं काहीच नाही. समोरच्यानं हात धरून ओढला तर आपण उलट ओढायचं नाही. ताकदीला ताकद लावली की जास्तीवाला जिंकतो, आणि जास्तीवाला कधीच मी नसते. तो ओढतोय तिकडेच जायचं, फक्त त्याच्या अपेक्षेपेक्षा आधी. त्याच्या बगलेला जाऊन उभं राहायचं, तो बघतोय तिकडेच तोंड करायचं आणि वळायचं. त्याचा सगळा जोर पुढे रिकाम्या जागेत जातो आणि त्याच्यामागून तोही जातो.

मला खाली यायचं नाही, मामा. या हंगामापासून बाहेरचं, पाहुण्यांच्या नोंदीचं सगळं टेबल माझ्या हाती देणार आहेत. आजवर घरात माझ्या हाती फक्त पाटा-वरवंटा दिला गेला. बाबांना तूच समजाव. तुझं ते ऐकतात.

सुरभी


वावोशी
९ सप्टेंबर

चि. सुरभीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या विद्येचं नाव मला फार आवडलं. त्यात आधी 'ऐक' आहे. जपान्यांच्या मनात काही वेगळं असेल, पण मला ते पटलं. भजनात पखवाज वाजवणाऱ्यालाही हेच करावं लागतं. बुवा कुठे निघालेत ते ऐकायचं आणि त्यांच्या आधी समेवर जाऊन बसायचं. त्यांना ओढायला गेलं की भजन मोडतं.

समजावण्याआधी स्वतःला समजायला हवं, म्हणून तू लिहिलंस तसं घरी करून पाहिलं. मामीला म्हटलं, माझं मनगट धर आणि ओढ. तिनं धरलं. ओढलंही चांगलं, बऱ्याच वर्षांचं काही साठलेलं असावं. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे तिच्या बगलेला गेलो आणि वळलो, तेवढ्यात चुलीवर दूध वर आलं. तिनं हात सोडला. मी एकटाच वळत वळत कोंबड्यांच्या खुराड्यात गेलो. धाऊनं कुंपणावरून पाहिलं. म्हणजे आता वावोशीत सगळ्यांना माहीत आहे.

ताईकडे विषय काढला. ताईला ते नाव 'आयकीडा' असं ऐकू आलं. "पोरगी तिकडं कसला कीडा पाळते रं?" म्हणून ती काळजीत पडली. तिला सगळं उलगडून सांगितलं. भावोजींनी डोळे मिटून ऐकलं. तुला ठाऊकच आहे, ते अडमुठे नाहीत. भातगिरणीत पोती उचलून त्यांचे हात राकट झाले, पण बोलायला माणूस न्यायाचा. म्हणाले, "बोलण्यानं मनगाट सुटत नाय. भाऊबीजेला ती येईल ना? ऋतिक तिचा हात धरील. सोडवून घेतलान तर ऱ्हाऊ दे तिकडं. नाय सुटला तर कापड दुकान."

तुझा ऋतिकदादा तिथेच जेवत होता. घास हातातच राहिला त्याचा. पोरगा आता इतका रुंद झालाय की न्हाणीच्या दारातून आडवा होऊन जातो. गावच्या कबड्डीच्या संघात तो चढाईला निघाला की समोरचे खेळाडू आधी देवाचं नाव घेतात.

मी हो म्हणून आलोय. चुकलो असलो तर सांग.

बाळाराममामा


माथेरान
२० सप्टेंबर

मामा,

चुकला नाहीस. पत्र वाचून मी गाद्यांवर एक कोलांटी मारली.

ऋतिकदादा मोठा आहे याचं काही वाटून घेऊ नकोस. मेहेरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मोठा आहे ना, छान. मोठ्या माणसाला थांबायला वेळ लागतो. हल्ली मी सराव करते तो स्वयंपाकघरातल्या हिरूबरोबर. तो पिठाची गोणी एका खांद्यावर टाकून जिना चढतो. पहिल्यांदा गादीवर आपटला तेव्हा उठलाच नाही. मी घाबरले. पाहते तर पडल्या पडल्या छताकडे बघत विचार करत होता. म्हणाला, "मी तुला ओढत होतो. मग मी तिकडं कसा गेलो?" आता तो रोज भांडी आवरून स्वतःच गाद्या अंथरतो आणि म्हणतो, चल, मला पाड.

दिवाळीत इथं हंगाम असतो, सुट्टी कुणालाच नाही. पण भाऊबीजेच्या दिवसापुरती मी मागून घेतली आहे. सकाळी दस्तुरीच्या गाडीतळावरून खाली उतरेन आणि दुसऱ्या सकाळी परत वर.

मी राहणार की जाणार ते मालकांना या महिन्यातच कळायला हवं होतं. मी दिवाळीनंतरची मुदत घेतली आहे. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर आलं.

दादा काय म्हणतो? मला फोनवर तर नुसता "हं, हं" करतो.

सुरभी


वावोशी
४ ऑक्टोबर

चि. सुरभीस आशीर्वाद.

एक आनंदाची बातमी आहे. ती फक्त तुझ्यासाठी, कुणाला बोलू नकोस.

तू निर्धास्त लिहिलंस तरी माझं मन मानेना. देवापुढे बसलो की विठ्ठलाच्या जागी ऋतिकचे दंड दिसायचे. म्हणून परवा खोपोलीहून कामावरून सुटलो तो थेट त्याच्याकडे गेलो. मैदानाच्या कडेला त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बाळा, तुझी एकुलती बहीण. भाऊबीजेचा दिवस. हात जरा हलकाच धर."

त्या पोरानं काय करावं? माझे दोन्ही हात धरले. डोळ्यात पाणी. म्हणाला, "मामा, मला झोप नाय. तिचं मनगाट केवढंसं हाय, माझ्या हातात मोडंल असं वाटतं. तुमी बोललात ते बरं झालं. मी अगदी फुलासारखं धरीन."

तेव्हा आता चिंता सोड. ही लबाडी आहे हे मला कळतं. देवाला मी सांगितलंय की दोष माझा आहे, पोरांचा नाही. त्यानं काही हरकत घेतलेली दिसली नाही.

बाळाराममामा


माथेरान
१० ऑक्टोबर

मामा, काय करून बसलास!

फुलासारखं धरलं तर मी काय करू? मी लिहिलं होतं ना, त्याच्याच जोरानं तो पडतो. जोरच नसेल तर पडणार कुठून? कुणी नुसता हात हातात घेऊन उभा राहिला तर त्यात वळवण्यासारखं काहीच नसतं. तुझं पत्र आलं त्या दुपारी मी हिरूला म्हटलं, हलकं धर बघू. त्यानं धरलं. मी बगलेला गेले, वळले, आणि तो माझ्याबरोबर लग्नातल्या फेऱ्यांसारखा गोल फिरून पुन्हा समोर येऊन उभा राहिला. असं कितीतरी वेळ चाललं. मेहेरबाई खुर्चीत बसून पोट धरून हसत होत्या.

नुसता झटका देऊन हात सोडवता येईल, पण बाबा म्हणतील ऋतिकनं सोडला. आणि ते खरंच असेल. मग मी कोणत्या तोंडानं वर जाऊ?

तू जाऊन त्याला सांग, जीव तोडून धर. नाहीच ऐकलं तर त्याला राग आण. काहीही कर. पण त्यानं मला खरं धरलं पाहिजे.

तुझ्यावर रागावलेली नाही. थोडीशी आहे.

सुरभी


वावोशी
१६ ऑक्टोबर

चि. सुरभीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी खाली मान घालून बसलो. माझ्याच तोंडानं मी पखवाजाचं सांगितलं, आणि मीच गायकाला गप्प बसवून आलो. बुवा गातच नसतील तर पखवाज्यानं कुणाच्या मागे जायचं?

त्याच दिवशी ऋतिकला गाठलं आणि जीव तोडून धर म्हणून सांगितलं. त्याला वाटलं मी त्याची परीक्षा घेतोय. "नाय मामा, मी शब्द दिलाय." मग राग आणायच्या मागे लागलो. म्हटलं, गेल्या सामन्यात तुझ्यामुळे संघ हरला. तो म्हणाला, "खरं हाय मामा. माझाच पाय रेषेबाहेर गेला." म्हटलं, तू नुसता मांसाचा डोंगर आहेस. तो म्हणाला, आईपण तेच म्हणते, आणि मला चहा आणायला उठला. अशा माणसाला राग आणायचा म्हणजे आधी आपल्याला नरकात जावं लागेल.

शेवटी एक युक्ती सुचली. म्हटलं, "बहीण समजू नको. अंगण नाही, कबड्डीचं मैदान आहे असं समज." हे मात्र त्याला पटलेलं दिसलं. मैदानात तो कुणाचा भाऊ नसतो.

माझं यायचं जमत नाही. आमच्या कारखान्याच्या भट्टीला दिवाळी नसते आणि त्या दिवशीची पाळी माझ्यावर आली आहे. माझी ओवाळणी ताई नंतरच्या रविवारी करील. तिथे नसण्याचं वाईट वाटतं, पण न बघायला मिळणार म्हणून थोडं हायसंही वाटतं. काम करताना नामस्मरण चालू ठेवीन. सगळं झालं की लगेच लिही.

बाळाराममामा


माथेरान
२७ ऑक्टोबर

मामा,

गर्दीमुळे लिहायला उशीर झाला. आज टेबलावर जरा शांतता आहे.

सकाळी पोचले. आईनं पाट मांडला, मी दादाला ओवाळलं. त्यानं मला मोबाईलचं कव्हर दिलं, चुकीच्या मोबाईलचं. मग बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, चला. आई दारात उभी, पदर तोंडाशी.

दादा अंगणाच्या टोकाला गेला. वाकला, मातीला हात लावून कपाळाला लावला. मला बरं वाटलं, म्हटलं आता खरा येतोय. आणि मामा, तो "कबड्डी कबड्डी कबड्डी" म्हणत आला, माझ्या खांद्याला हात लावला आणि तसाच मागे पळत जाऊन ओटीवर उभा राहिला. छाती वरखाली. म्हणाला, "झाली बाद."

तुझं मैदान ते हेच.

आई हसून हसून खाली बसली. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "शिवायचं नाय, धरायचं हाय." मग दादा आला आणि त्यानं धरलं. आरतीचं ताट धरतात तसं. कपाळावर मी लावलेलं कुंकू, त्यात दोन तांदूळ चिकटलेले, आणि मान खाली. मी वळले, तो वळला. मी त्याच्या कानात म्हटलं, दादा, तुझ्या पाया पडते, ओढ. तो म्हणाला, "आज नको गं. आज कसं ओढू?" सणाचा दिवस नडला. दुसरा कुठलाही दिवस बाबांनी सांगितला असता तर चाललं असतं.

मला रडू यायला लागलं. बाबांनी ते पाहिलं. म्हणाले, "नाय जमत ना? ठीक हाय. आता ये घरी." आणि खुर्चीतून उठले. मी तिथेच उभी राहिले. बाबा आले, म्हणाले, "चल आत," आणि माझं मनगट धरलं.

मामा, त्यांनी खरं धरलं. त्या माणसानं जूनमध्ये धरलं होतं त्याहून कितीतरी घट्ट. मी वर बघितलं तर त्यांची हनुवटी हलत होती. परीक्षाबिरीक्षा ते विसरून गेले होते. त्यांना मला सोडायचंच नव्हतं. त्यांनी घराकडे ओढलं, अंगातल्या सगळ्या जोरानं. आणि मी गेले. ते ओढत होते तिकडेच गेले, त्यांच्या बगलेला पोचले, वळले. पुढचं मला आठवत नाही. मनगट सुटलेलं होतं आणि बाबा अंगणात उताणे होते.

दादानं उठवलं. ते कपडे झटकून शेताकडे गेले आणि जेवायला उशिरा आले. सकाळी मी निघाले तेव्हा माझी पिशवी रस्त्यापर्यंत घेऊन आले, पण राहा किंवा ये, काहीच म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. कसं विचारू? बापाला पाडून आले आहे मी.

मालक उत्तर मागतायत. तू रविवारी ओवाळणीला जाशील तेव्हा बघ. ते नको म्हणाले तर मी येईन. खरंच येईन. त्यांनी ज्या जोरानं धरलं होतं तो बघून मला वाटलं, यावं.

सुरभी


वावोशी
३ नोव्हेंबर

चि. सुरभीस आशीर्वाद.

काल गेलो होतो. ताईनं ओवाळलं. भावोजी भिंतीला टेकून बसले होते आणि ताई त्यांच्या कमरेला तेल चोळत होती. विचारलं तर म्हणाले, "अंगण सारवलं होतं. शेण ओलं होतं. पाय सरला." ताईनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. ऋतिक म्हणाला, "बाबा, शेण वाळलेलं होतं." त्याला तिथून भात झाकायला पिटाळण्यात आलं.

जेवणानंतर आम्ही दोघेच खळ्यावर गेलो. भाऱ्यांना टेकून बसलो. मी मनातल्या मनात हरिपाठ म्हणत होतो. मग एकदम त्यांनी डोक्यामागे हात नेला आणि म्हणाले, "बाळाराम, हितं बघ. काय लागलंय?"

बघितलं. काही नव्हतं.

"तेच म्हणतो. मी पडलो ना, तवा मागं पायरी होती. दगडाची. माझं डोकं त्याच्यावरच जायचं. पण पडता पडता तिचा हात खाली आला रं. डोकं हातावर झेललान आणि हळूच भुईवर ठेवलान. मी तिला ओढत होतो, आणि ती मला जपत होती."

तू हे लिहिलं नव्हतंस. तुला आठवत नसेल असं मी धरून चालतो.

थोड्या वेळानं म्हणाले, "मला वाटायचं, तिला कोण सांभाळणार तिकडं." आणि मग हसायला लागले, ते त्यांचं जुनं, भातगिरणीतलं हसणं. कमरेत कळ आली तरी थांबेना. उठताना मला म्हणाले, कापड दुकानवाल्याला मी कालच नाही म्हणून आलोय, तिला कळव. मी म्हटलं, फोन करून तुम्हीच सांगा की. तर म्हणाले, नको, स्पीकरवर सगळा गाव ऐकेल.

तेव्हा मालकांना सांग, तू राहतेस.

आणखी एक. मी चप्पल घालत होतो तेव्हा भावोजी दारापर्यंत आले. इकडे तिकडे कुणी नाही हे बघून त्यांनी माझं मनगट धरलं, नंतर दुसरंही धरलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "असं दोनी हातानं धरलं तर काय करते ती? विचार तिला."

विचारलंय.

बाळाराममामा